दुपारच्या बसमधला अभ्यास

रावेत, ७ जुलै २०२४

चि. दिव्या,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

तुझी मेल सोसायटीच्या खालच्या दुकानातून छापून आणली. पडद्यावर वाचलेलं माझ्या लक्षात राहत नाही आणि त्याचा रागही नीट येत नाही. माझं उत्तर मात्र पोस्टानेच येईल. बंगळुरूला पोचायला आठवडा लागला तर लागू दे. संशोधन करणाऱ्या माणसाला तेवढा धीर असावा.

तू लिहितेस, दापोडीच्या शाळेत "पालकांचा प्रतिसाद निराशाजनक होता". गेल्या रविवारची तुमची पालकसभा मी मागच्या बाकावर बसून पाहिली. खुर्च्या बहुतेक रिकाम्याच होत्या आणि तुझ्याबरोबर काम करणारी दोन मुलं त्या खुर्च्यांचे फोटो काढत होती. तुझी सख्खी मावशी गेली पाच वर्षं त्या शाळेत मुलांना वाचायला शिकवायला जाते. तिला एक फोन केला असतास, तर तिने सांगितलं असतं की त्या गल्ल्यांतल्या बायका चाकणच्या कंपन्यांत कामाला जातात आणि त्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी त्या कंपनीतल्या लाईनवर उभ्या असतात. तुम्ही त्यांना रविवारी बोलावलंत, त्या आल्या नाहीत आणि तुम्ही लिहिलंत की त्यांना आस्था नाही. एवढं शिकून हे निदान.

ज्योतीराम सरांशी तुझी गाठ मीच घालून दिली, थोरल्या बहिणीची मुलगी म्हणून. मुख्याध्यापक म्हणून त्यांना तुमच्या संस्थेचे टॅब हवेच असतात. फुकट मिळालेल्या वस्तूचा फोटो पेपरात छान येतो. माझा प्रश्न वेगळा आहे. टॅबमुळे मुलं शिकतात का, हे तुम्ही शोधताय, की टॅबमुळे मुलं किती शिकतात, हे? दुसरा प्रश्न विचारणाऱ्याने पहिल्याचं उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

याचं उत्तर कागदावर लिही. तुमच्या त्या आलेखांशिवाय.

तनुजा मावशी


बंगळुरू, १६ जुलै २०२४

प्रिय मावशी,

तुझं पाकीट ऑफिसात आलं तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, लग्नपत्रिका का? म्हटलं, नाही, आरोपपत्र.

रविवारची चूक मला मान्य आहे. पण सभा पुन्हा घेणं आता शक्य नाही. आम्ही साठ शाळांमध्ये काम करतोय. निम्म्या शाळांना टॅब दिलेत, निम्म्यांना नाहीत आणि वर्षअखेरीस दोन्हींतला फरक पाहायचा आहे. एका शाळेत दोन सभा घेतल्या तर बाकीच्यांवर अन्याय होतो. त्यामुळे पालकांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना पाठवली आहे. शाळेत टॅबवर अभ्यास करायचा आणि घरी तेच अॅप आईवडिलांच्या मोबाईलवर रोज वीस मिनिटं चालवायचं. दर शनिवारी ग्रुपवर नावं येतील. सराव पूर्ण करणाऱ्यांची हिरव्या रंगात, मागे पडलेल्यांची लाल रंगात. ही कल्पना ज्योतीराम सरांची. आमच्या लोकांनाही ती आवडली.

एक विनंती आहे, आणि ती करताना मला अवघड वाटतंय. टॅब चार्जिंगला लावायला कुलूप लागणारी खोली हवी. शाळेत तशी एकच आहे, तुझ्या वाचनवर्गाची. तुझा वर्ग काही दिवस व्हरांड्यात घेशील का?

तुझ्यापासून लपवत नाही. माझी नेमणूक मार्चपर्यंतचीच आहे. पुढचं सगळं या अभ्यासावर अवलंबून आहे.

तुझी,
दिव्या


रावेत, ५ सप्टेंबर २०२४

चि. दिव्या,

आज शिक्षकदिन. शाळेने मला गुलाबाचं फूल दिलं आणि वर्ग काढून घेतला.

खोली मी जुलैतच रिकामी केली होती. तू मागितलीस म्हणून केली, हे नोंदवून ठेव. व्हरांडा रेल्वेच्या बाजूला आहे. गाडी आली की वाचणाऱ्या पोराचं वाक्य तुटतं आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. तरीही आम्ही वाचत होतो. आज ज्योतीराम सर म्हणाले, "मॅडम, तो शेवटचा तास आता टॅबला द्यावा लागेल. वरून वेळापत्रक आलंय."

मी विचारलं, "आणि माझी मुलं?"

"तीच मुलं टॅबवर बसतील ना. तुम्ही एका वेळी एकाचं ऐकता. टॅब सगळ्यांचं एकदम घेतो."

"घेतो ते ठीक आहे, सर. ऐकतो का?"

"मॅडम, तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकलंय," असं म्हणून ते गुलाब वाटायला पुढच्या वर्गात गेले.

माझ्या वर्गात काय चालतं ते तुझ्या साठ शाळांच्या हिशेबात कुठेही आलेलं नसणार, म्हणून लिहिते. मूल पुस्तकातल्या शब्दाखाली बोट ठेवतं आणि मोठ्याने वाचतं. मी ऐकते. अडलं की थांबते, सांगत नाही. त्याचं त्याला सुटेपर्यंत थांबते. बस्स, एवढंच. पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर हेच करायच्या, फक्त हातात पट्टी असायची. माझ्या हातात ती नसते. तेवढी सुधारणा मी केली आहे.

प्रज्वल नावाचा एक मुलगा आहे. पाचवीत. आईवडील लातूरकडचे. वडील हिंजवडीला गाडी चालवतात, आई रुपाली चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत आहे. हुशार पोरगं आहे, पण कोरोनात पहिली-दुसरीला घरात बसून राहिलं आणि अक्षरं अर्धवट राहिली. जुलैत तो जोडाक्षरापाशी येऊन अडायचा, जणू रस्त्यात खड्डा आहे. ऑगस्टमध्ये उडी मारायला लागला होता. अजून दिवाळीपर्यंतचा वेळ मिळाला असता तर तो वाचता झाला असता. पाचवीला आता परीक्षा आहे, नापास झालं तर त्याच वर्गात बसवतात. एप्रिलमध्ये त्याच्यापुढे छापील कागद येईल. त्याच्याकडे तेवढाच वेळ आहे.

तुझ्या वरिष्ठांना सांगून मला तो तास परत दे. खोली नको. व्हरांडा चालेल.

तनुजा मावशी


बंगळुरू, २१ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. पुण्यात आणि दिल्लीत सादरीकरणं होती.

तासाविषयी बोलले. अभ्यास सुरू असताना एका शाळेत वेगळा वाचनवर्ग चालू ठेवला, तर सुधारणा टॅबमुळे झाली की वर्गामुळे हे सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

पण एक चांगली बातमी आहे, मुद्दाम तुझ्यासाठी. पहिल्या टप्प्याचे आकडे आले. टॅबच्या तीस शाळांत दापोडी सगळ्यात पुढे आहे. आणि तुझा प्रज्वल! तू लिहिलं होतंस म्हणून मी त्याचं नाव शोधलं. सुरुवातीला मराठी वाचनात तो दुसऱ्या पातळीवर होता, आता पाचव्या पातळीवर आहे. रोजचा सराव, एक दिवसही खंड नाही. दिल्लीत मी त्याचा आलेख नाव न घेता दाखवला. आम्हाला मदत देणारी जी कंपनी आहे, तिचे लोक उठून उभे राहिले.

तुला टॅब आवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण मूल वाचायला लागलं असेल तर ते कुणामुळे याचं तू वाईट वाटून घेणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

दिवाळीला यायला जमणार नाही. आईला सांग.

तुझी,
दिव्या


रावेत, २४ नोव्हेंबर २०२४

चि. दिव्या,

तुझं पत्र वाचून मला खरोखर आनंद झाला होता. तो टिकला असता तर हे पत्र छोटं झालं असतं.

सोमवारी मी शाळेत गेले. प्रज्वल फाटकापाशी भेटला. भिंतीवर पाण्याच्या टाकीविषयी सूचना लावली होती. म्हटलं, "वाच रे." त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पर्याय कुठायत?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. टॅबवर शब्दाशेजारी चित्र असतं, चार उत्तरं असतात, आणि कर्ण्याच्या खुणेवर बोट ठेवलं की यंत्रच वाचून दाखवतं. तो ऐकतो आणि चित्र निवडतो. त्या भिंतीवर कर्णा नव्हता. 'स्वच्छ' या शब्दापाशी तो उभा राहिला. जुलैतला तोच खड्डा. तुमच्या पाचव्या पातळीवरचा मुलगा.

हे शाळेतलं झालं. पण रोज, खंड न पडता घरी कोण करतं, हे मला सुटेना. म्हणून दुपारी जुन्या हायवेवर कंपनीच्या बसच्या थांब्यावर गेले. दुसऱ्या पाळीच्या बायका तिथे उभ्या असतात. रुपाली भेटली. डोक्याला रुमाल, गळ्यात ओळखपत्र.

विचारलं, "प्रज्वलचा मोबाईलवरचा अभ्यास कोण घेतं ग?"

"ते मोबाईलचं म्हणताव व्हय? मीच करते की. बसमधी."

"तू करतेस?"

"मग कवा करू मॅडम? लेकरू शाळंतून येतंय, मी वाढते न् निघते. मोबाईल माझ्याजवळ. कंपनीत गेटवर जमा करावा लागतोय. मग बसमधीच उरकायचं. आमी चौघीजणी हाव ह्या शाळंच्या, बाकीच्या बसमधी बी हाईत. हिला गणित येतंय, मला मराठी. ज्येचं लेकरू लालमधी, त्येचं आदी उरकायचं."

शेजारची म्हणाली, "माझं पोरगं तर पहिला नंबर आलंय ग्रुपवर. घरी पाढं म्हणाया लावलं की पळतंय." सगळ्या हसल्या. मीही हसले असते, दिव्या. प्रसंग हसण्यासारखाच होता.

मी विचारलं, "पण तुम्ही का करता?"

रुपाली म्हणाली, "असं बगा. लाईनवर शेजारणीचं काम मागं पडलं की आपण ओढून घेतावच की. न्हाईतर बोर्डावर लाल लागतंय, सुपरवायझर सगळ्या लाईनला बोलतोय. इथं बी शनवारी लाल नावं यायला लागली. म्हणलं, सरांना वरून बोलणी बसत असतील. कशाला उगं."

"अग, त्यावरून ठरवतात, प्रज्वलला वाचता येतं की नाही."

तिचं हसणं थांबलं. "त्याच्यावरून? मग तुमच्या वर्गात काय चाललंय?"

"माझा वर्ग सप्टेंबरात बंद झाला."

"मला कुणी बोललं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं लेकरू तुमच्याकडं वाचाया शिकतंय, आन् हे नुसतं वरच्यांना दाखवायचं हाय. कंपनीत असतंय तसं."

तेवढ्यात बस आली. पायरीवरून वळून ती म्हणाली, "माझं नाव कुठं घेऊ नका मॅडम. सर रागवतील." मी मान हलवली. तू घरची आहेस म्हणून नाव लिहिलं आहे. ते तुझ्यापुरतंच ठेव.

आता तूच सांग यात फसवणूक कुणी केली. त्यांनी मागे पडलेल्याला हात दिला. त्यांना ते तसंच शिकवलेलं आहे, आणि कामावर त्याबद्दल शाबासकी मिळते. तुमच्या सभेत कुणी समोर बसून सांगितलं असतं की बाई, हे तुझ्या लेकराचं मोजमाप आहे, तर तिने हात लावला नसता. पण तुम्ही रविवारी आलात. आणि वर्षभराच्या अभ्यासात एकदाही मुलाला समोर बसवून वाचायला लावलं नाहीत. यंत्रानेच शिकवायचं, यंत्रानेच तपासायचं आणि यंत्रानेच स्वतःला शाबासकी द्यायची.

एप्रिलला अजून वेळ आहे. मला तो तास परत दे.

मावशी


बंगळुरू, १८ डिसेंबर २०२४

मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले. तू पहिल्यापासून टॅबच्या विरोधात आहेस, तुला जे शोधायचं होतं तेच सापडलं, असं वाटलं.

मग दुपारच्या बसच्या वेळेतला सगळा सराव बाजूला काढून पाहिला. तो काढला की दापोडीचा आलेख सपाट होतो. जमिनीसारखा.

मी हे वर सांगितलं. कुणाला पटेना. थांब्यावरच्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे, असं म्हणाले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तुझ्या पत्राची पानं स्कॅन करून जोडली. त्यानंतर त्यांनी गांभीर्याने घेतलं. बाकीच्या एकोणतीस शाळांतही दुपारचा, रात्रीचा सराव तपासावा असं मी सुचवलं आहे. त्याला अजून उत्तर नाही.

तासाचं मी विसरलेले नाही. शाळेशी बोलणं होईल असं सांगितलंय.

दिव्या


रावेत, २ फेब्रुवारी २०२५

दिव्या,

शाळेशी बोलणं झालं. ते कसं झालं ते ऐक.

गुरुवारी पालकसभा होती. हो, गुरुवारी. समजावून सांगायचं होतं तेव्हा तुमच्या कुणाला गुरुवार सापडला नव्हता, झापायचं होतं तेव्हा बरोबर सापडला. वर्ग भरला होता. बायका लेकरांना घेऊन, केस विंचरून आल्या होत्या. काही बक्षीस असेल असं कुणाकुणाला वाटलं होतं.

ज्योतीराम सर म्हणाले, "आपल्या शाळेचं नाव दिल्लीपर्यंत गेलं होतं. आता कसं गेलंय ते ऐका." आणि मोबाईलमधून वाचायला लागले. माझं पत्र. माझ्या अक्षरातलं, तू स्कॅन केलेलं. "ज्येचं लेकरू लालमधी, त्येचं आदी उरकायचं." त्यांनी ते आवाज काढून वाचलं. मागच्या बाकांवर पुरुष हसले. मग नाव वाचलं. "रुपाली कोण? उभ्या राहा."

ती उभी राहिली. प्रज्वल तिच्या शेजारी होता. तो आईकडे पाहत होता, मग सरांकडे, मग हसणाऱ्यांकडे.

"बाई, तुम्हाला अभ्यासाची हौस आहे तर पाचवीत नाव घाला," सर म्हणाले.

ती एवढंच म्हणाली, "मी सरांसाठीच करत होते."

मी उठले. म्हटलं, हे पत्र माझं आहे, खासगी आहे, आणि यात चूक कुणाची लिहिली आहे ते पान तुम्ही वाचलेलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर सुरेख आहे. शब्द न् शब्द लागला." मग सगळ्यांना उद्देशून, शाळेची बदनामी बाहेरच्यांनी केली की काय होतं वगैरे. सभा संपल्यावर रुपाली माझ्या समोरून गेली. रागाने पाहिलं असतं तर मला बोलता आलं असतं. तिने मान खाली घालून नमस्कार केला, सरांना करतात तसा.

त्या पत्रात मी मूल वाचवायला सांगितलं होतं. तुम्ही त्यातून आईला पकडून दिलंत. "तुझ्यापुरतं ठेव" हे वाक्यही त्याच पानावर होतं ना? की स्कॅन करताना ते नेमकं कडेला गेलं?

आणि तास. तासाचं मी विचारलं. सर म्हणाले, "आता तर अजिबात नाही. वरून लेखी आणा."

मावशी


बंगळुरू, १२ मार्च २०२५

मावशी,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला अनेकदा बसले.

ती पानं शाळेकडे जातील असं मला वाटलं नव्हतं. ती आमच्या ऑफिसातून "आवश्यक कार्यवाहीसाठी" म्हणून पाठवली गेली. मी नाव झाकायला हवं होतं. झाकलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता, असं मला त्या वेळी वाटलं. आता यातलं काहीही लिहिलं तरी ते बचावासारखंच वाटेल.

निर्णय झाला आहे. दापोडीची शाळा अभ्यासातून वगळली. "पालकांकडून साधनाचा गैरवापर" अशी एक तळटीप अहवालात आहे. बाकी एकोणतीस शाळांची तपासणी झाली नाही. तेवढा वेळ नव्हता असं सांगण्यात आलं. दापोडी काढल्यावरही निष्कर्ष तोच राहतो. टॅबमुळे वाचनात लक्षणीय सुधारणा. पुढच्या वर्षी शाळांची संख्या वाढवणार आहेत.

शाळा आता अभ्यासात नाही, त्यामुळे तासाविषयी आम्ही त्यांना काही सांगू शकत नाही. टॅब शाळेकडेच राहतील.

एप्रिलपासून माझी नेमणूक कायम झाली. हे आईने तुला सांगण्याआधी मी सांगते. अहवालावर मी सही केली. केली नसती तर दुसऱ्या कुणी केली असती, हे मी स्वतःला सांगितलं. तुला सांगत नाही.

प्रज्वलचं कसं चाललंय?

दिव्या


रावेत, २९ जून २०२५

दिव्या,

तू विचारलंस म्हणून कळवते. प्रज्वल एप्रिलमध्ये नापास झाला. जूनमध्ये पुन्हा परीक्षा घेतली, त्यातही झाला. तो पाचवीतच आहे. त्याच्याबरोबरची मुलं सहावीत गेली, आणि त्यातल्या किती जणांना वाचता येतं हे मला विचारू नकोस. पास होण्याइतपत कागद त्यांनी कसाबसा ओढला. याला तेही जमलं नाही. गणिताची उत्तरं त्याला येत होती असं त्याच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या. प्रश्न वाचता आला नाही.

तुझा अहवाल मी वाचला. इंग्रजी चांगलं आहे. त्यासाठी तुझ्या आईने आणि मी बरीच मेहनत घेतली होती. तळटीपही वाचली. इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा पुसून वाचावी लागली. "गैरवापर." एका शब्दात चार आया, त्यांची दुपारची बस, शेजारणीचं ओढून घ्यायची त्यांची रीत, सगळं बसवलंत. आभारांच्या यादीत मी आहे, "स्थानिक सहकार्याबद्दल". प्रज्वल कुठेच नाही. दिल्लीत ज्याच्या आलेखाला लोक उठून उभे राहिले, तो पोरगा तुमच्या अभ्यासात कधी नव्हताच, असं आता कागदोपत्री सिद्ध झालं आहे. त्यामुळे तो नापास झाला याची जबाबदारीही कुणावर नाही. किती स्वच्छ काम.

सभेनंतर मी रुपालीकडे बरेचदा गेले. दार बंद असायचं, किंवा शेजारीण सांगायची की ती झोपली आहे. परवाच्या गुरुवारी ती दारातच भांडी घासत होती, त्यामुळे तिला टाळता आलं नाही. तिने हात धुतले, स्टूल दिलं, चहा ठेवला. प्रज्वल आत मोबाईलवर काहीतरी पाहत होता. तो बाहेर आला नाही.

मी म्हटलं, "रुपाली, जे झालं त्याची मला लाज वाटते."

"जाऊ द्या मॅडम. तुमच्या भाचीचं काम झालं का?"

"झालं. नोकरी कायम झाली."

"बरं झालं. कुणाचं तरी झालं," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, दिव्या. टोमणा मला ओळखता येतो, माझा जन्म त्यात गेला. तिला खरंच बरं वाटलं.

मी म्हटलं, "मला शाळेत येऊ देत नाहीत. पण मी इथे येते. रोज. तू कामावर गेलीस तरी मी त्याच्याजवळ बसेन. मार्चपर्यंत तो वाचेल, हे मी तुला सांगते."

तिने चहा गाळला. कपबशी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "नको मॅडम."

"का ग?"

"तुमी चांगल्या हाव. लेकरू तुमचं नाव काढतंय. पण तुमी लिहिताव." आणि आत पाहून, आवाज खाली आणून, "तुमी इथं बसणार, लेकरू चुकणार, मी काय बोलले, घरात काय हाय, सगळं बघणार. मग ते कुठंतरी लिहिणार. आन् मला परत उभं राहावं लागणार."

मी नाही लिहिणार असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला आठवलं की थांब्यावरही मी तिचं नाव न घेण्याचंच कबूल केलं होतं. चहा संपवला. कप तिने धुवायला घेतला.

तुझ्या संस्थेवर, ज्योतीराम सरांवर, टॅबवर मला जेवढं बोलायचं होतं तेवढं मी बोलून घेतलं आहे. तुझ्यावर अजून शिल्लक आहे, पण ते आता राहू दे. रुपालीने कारण सांगितलं ते मला खोडता आलं नाही, म्हणून हे पत्र शेवटचं. आईकडे खुशाली कळत राहील.

येत्या गुरुवारी मी पुन्हा तिच्या दाराशी जाणार आहे. त्याच्यापुढच्या गुरुवारीही. तिने आत घेतलं तर त्याच्याजवळ बसेन आणि ऐकेन. त्याचं पुढे काय झालं, ते तुला कळणार नाही.

तनुजा